लाल तोंडाच्या माकडाला का होत नाही

बालाघाट,
६ जानेवारी २०२५

चि. मंजुषा,

जय भीम. खुशाली, थंडीचा कडाका वगैरे गृहीत धर. त्यात शाई घालवायचं माझं वय राहिलेलं नाही.

फोन करू नकोस. माझे कान पार गेले. यंत्र लावलं की शेजारच्या हिरालालच्या घरातली भजनं तेवढी ऐकू येतात, माणसाचं बोलणं येत नाही. तुझ्या मोठ्या आईजवळ निरोप देशील तर तो माझ्यापर्यंत पोचेस्तोवर ध चा मा झालेला असतो. आणि त्या मोबाइलवर बोटं आपटत बसणं मला जमत नाही, जमवायचंही नाही. तेव्हा पत्र लिही.

बातमी अशी की राकेशला एचआयव्ही आहे.

दिवाळीनंतर त्याचा ताप उतरेना. बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात गेला नाही, कारण तिथे रांगेत आमचाच वॉर्ड उभा असतो. गोंदियाला गेला, तिथे कळलं. आता दर महिन्याला सकाळच्या गाडीनं महाराष्ट्रात जातो, गोळ्या घेतो, परत येतो आणि लोकांना सांगतो की मोटारीची तांब्याची तार आणायला गेलो होतो. घरात मला आणि तुझ्या मोठ्या आईला ठाऊक आहे, आता तुला. तुझ्या आईलाही सांगायचं नाही.

अडतीस वर्षांचा घोडा. प्राणिशास्त्राच्या व्याख्यात्याचा एकुलता एक मुलगा, आणि करतो काय, तर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या पंपाच्या जळलेल्या मोटारी नवी तार गुंडाळून बांधतो. लग्न केलं नाही. हा रोग कुठून आणला ते मी विचारलं नाही. विचारण्यासारखं त्यात आहे काय?

आता माझा प्रश्न. माझ्या गच्चीवर रोज लाल तोंडाची माकडं येतात. तुझ्या मोठ्या आईनं, जिजानं, वाळत घातलेल्या वड्या खातात, टाकीत तोंड घालतात, एकमेकांना चावतात, वाटेल तिथे वाटेल ते करतात आणि ठणठणीत असतात. मी वाचलं आहे की या माकडाला एचआयव्ही टोचला तरी लागत नाही. शिकल्यासवरल्या घरातल्या माझ्या पोराला लागतो आणि या लुच्च्यांना लागत नाही, हे कसं? तू अकरा वर्षं हैदराबादेत माकडांच्या पेशी पाळत बसली आहेस. त्याचा घराला काही उपयोग झालेला मी पाहिला नाही. आता होऊ दे. नीट समजावून लिही, पोरांना सांगतात तसं नको. मी तुझ्या जन्माआधीपासून उत्क्रांती शिकवत होतो.

मला पोरगा जगवायचा आहे, मंजुषा. नालायक असला तरी.

तुझा मोठा बाबा,
टि. दा. टेंभुर्णे


हैदराबाद,
१९ जानेवारी

आदरणीय मोठे बाबा,

जय भीम. तुमच्या पत्राचा पहिला भाग वाचून रडले. शेवटचा भाग वाचून रडणं थांबलं. संकटातही माणसाला टोमणा सुचतो, ही आपल्या घराण्याची खरी प्रतिकारशक्ती.

तुम्ही उत्क्रांती शिकवत होतात ते मला माहीत आहे. एकच वही, पिवळी पडलेली, दरवर्षी तीच. तुम्ही निवृत्त झाल्यावर शास्त्र कुठच्या कुठे गेलं, म्हणून ऐका.

आपल्या पेशीत एक पहारेकरी प्रथिन असतं. विषाणू आत शिरला की त्याच्या अंगावरचं कवच ओळखायचं आणि ते वेळेआधीच फोडून टाकायचं, एवढंच त्याचं काम. तुमच्या गच्चीवरच्या माकडाचा पहारेकरी एचआयव्हीचं कवच ओळखतो. आपला ओळखत नाही. आपला बिनडोक आहे असं नाही, त्याला दुसऱ्याच चोराची सवय लागली. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत एक विषाणू मोकाट सुटला होता. चिंपांझी आणि गोरिलांच्या जनुकांत त्याची प्रेतं अजून जागोजाग पडलेली आहेत. माणसात एकही नाही. आपल्या पूर्वजांचा पहारेकरी त्या चोरावर तरबेज झाला असावा, असा एक अंदाज आहे. ती लढाई आपण जिंकलो, आणि तीच सवय घेऊन बसलो. लाखो वर्षांनी एचआयव्ही आला तेव्हा आपला पहारेकरी त्या मेलेल्या चोराची वाट बघत उभा होता. त्या प्रथिनातला एकच दुवा बदलला तर प्रयोगशाळेत आपलाही पहारेकरी एचआयव्हीला बऱ्यापैकी अडवतो. राकेशदादात आणि मोठ्या आईच्या वड्या खाणाऱ्या माकडात या बाबतीत एवढंच अंतर.

पण माकडाची आरती ओवाळू नका. आफ्रिकेतल्या दुसऱ्या जातीच्या माकडांचा विषाणू याच लाल तोंडाच्या माकडांना लागला तर तीही झिजून मरतात. ज्यांचा तो मूळचा विषाणू, ती माकडं मात्र त्याला पोटात घेऊन मजेत फिरतात. कोणी कायमचं जिंकत नाही. आपल्याकडे दुसराही एक पहारेकरी आहे, तर एचआयव्हीनं त्याला संपवायचं हत्यार सोबतच आणलं आहे. आपल्याला एक दुवा बदलायला लाखो वर्षं लागतात. तो एका दिवसात स्वतःच्या अब्जावधी प्रती काढतो आणि प्रती काढताना चुका करत जातो. आजचा विषाणू उद्या तोच नसतो. त्याच्यावर एका दिवसाचाही भरवसा ठेवू नका. म्हणून गोळी रोज, ठरल्या वेळेला. गोळी चुकली की तो औषधाला चुकवायला शिकतो. गोळी चालू राहिली तर दादा तुमच्याइतका म्हातारा होईल आणि तुमच्याइतकाच कटकट्याही.

पण दादा बेफिकीर आहे हे जगजाहीर आहे. दहावीच्या पेपरच्या सकाळी नदीवर पोहायला गेलेला माणूस तो. गोळ्या काय वेळेवर घेणार! कान धरून घ्यायला लावा.

तुमची,
मंजुषा


बालाघाट,
२ फेब्रुवारी

चि. मंजुषा,

जय भीम. पत्र मिळालं. त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून ठेवल्या आहेत, आलीस की दाखवीन. मजकूर मात्र बरा आहे. माझी वही पिवळी होती हे खरं; पण त्या वहीतून शिकलेली पोरं आज तहसीलदार आहेत, तुझ्यासारखी माकडांच्या मागे नाहीत.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी या विषयावर तासभर बोललो. नाव अर्थातच कोणाचं घेतलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मेलेल्या चोराची वाट बघणारा पहारेकरी मी इतका रंगवून सांगितला, आणि शेवटी प्रेमलाल उठून विचारतो, "गुरुजी, हे सब ठीक आहे, पन बंदरायले भगवाचं कसं थे सांगा ना." माकडं हाकलायची कशी, एवढंच त्याला हवं. माझ्या शेजारचा हिरालाल त्याच माकडांना दर मंगळवारी केळी खाऊ घालतो आणि वर हात जोडतो. एकाला माकड देव वाटतं, दुसऱ्याला चोर. विचार करायचं काम कोणालाच नको. राकेश मागे बसला होता, अर्ध्यातून उठून गेला. त्याची समज तेवढीच.

आता नीट वाच. घोड्याला सापाचं विष थोडं थोडं टोचतात आणि त्याच्या रक्तातून उतारा काढतात. मग माकडाच्या रक्तातला तुझा तो पहारेकरी काढून राकेशला का देता येऊ नये? अकरा वर्षांत तुमच्यापैकी एकालाही हे सुचलं नाही याचं मला नवल वाटतं. परसवाड्याचा महागू माकडं पकडून रानात सोडायचं काम करतो. त्याच्याशी मी बोलून ठेवलं आहे. रक्त किती लागेल आणि कशात ठेवायचं ते कळव.

घरात मी तुझ्या पत्राप्रमाणे शिस्त लावली आहे. ती ओळ जिजाला मोठ्यानं वाचून दाखवली: त्याच्यावर एका दिवसाचाही भरवसा ठेवू नका. तिला पटली. बायकांना कारण दिलं की पटतं, फक्त ते मोठ्या आवाजात द्यावं लागतं.

तुझा मोठा बाबा,
टि. दा. टेंभुर्णे


हैदराबाद,
२० फेब्रुवारी

आदरणीय मोठे बाबा,

जय भीम. तुमच्या माकडाच्या उताऱ्याबद्दल मी इथे चहाच्या वेळी सांगितलं. सगळे इतके हसले की एकाचा चहा नाकातून आला.

घोड्याच्या रक्तात जे तयार होतं ते रक्तातच तरंगत असतं, म्हणून काढता येतं. माझा पहारेकरी पेशीच्या आत राहतो. तो बाटलीत भरून दादाच्या शिरेत सोडता येत नाही. पेशीच्या आत आणि बाहेर यातला फरक दुसऱ्या वर्षाला शिकवतात. तुम्हीच शिकवत होतात, त्या पिवळ्या वहीतून.

महागूला आजच्या आज नाही म्हणून सांगा. माकडाच्या तोंडात नुसता फोड आणून गप्प बसणारा एक विषाणू असतो. लाखो वर्षं एकमेकांशी झगडून त्या दोघांची तडजोड झालेली आहे, आपली झालेली नाही. तोच विषाणू चाव्यातून माणसाला लागला तर मेंदूपर्यंत जातो आणि माणूस दगावू शकतो. एका पोराला वाचवायला निघून म्हातारा जायचा, आणि वर्तमानपत्रात बातमी येईल की प्राणिशास्त्राच्या निवृत्त व्याख्यात्याला माकड चावलं. मला त्या आडनावानं नोकरी करायची आहे.

घरात शिस्त लावलीत हे चांगलं केलंत. दादासारख्याला तीच लागते. त्याला मी चार-पाचदा फोन केला, बंद येतो. बरा आहे ना? माझा लेख दुसऱ्यांदा परत आल्यामुळे मी इथे डोकं धरून बसले आहे. ज्या परीक्षकानं तो परत पाठवला त्याला लंगूर आणि लाल तोंडाचं माकड यातला फरक कळत नसावा. तुमच्या वॉर्डात त्याला सहज जागा मिळेल.

मंजुषा


बालाघाट,
९ मार्च

चि. मंजुषा,

जय भीम. राकेश घर सोडून गेला.

आपल्या बालाघाट जिल्ह्यातल्या खैरलांजीला गजेंद्र नावाचा त्याचा कोणी दोस्त आहे, त्याच्या मोटार बांधायच्या दुकानात राहतो. रब्बीच्या धानाला पाणी चालू आहे, मोटारी धडाधड जळताहेत, तेव्हा काम भरपूर असेल. गोळ्यांचा डबा इथेच फळीवर ठेवून गेला. मी निरोप पाठवला, त्यानं उत्तर दिलं नाही. त्याचा फोन तुला लागत असेल तर समजाव. गोळी बंद झाली की काय होतं ते तूच लिहिलं होतंस.

काही कारण घडलेलं नाही. नाजूक मनाची माणसं असतात, त्यांना घरच्यांनी काळजी घेतलेली सोसत नाही. मी या वयात खैरलांजीच्या बसमध्ये धक्के खात त्याच्या पाया पडायला जाणार नाही.

टि. दा. टेंभुर्णे


बालाघाट
१३ मार्च

मंजू,

जय भीम. मी जिजा, तुही मोठी आई. हे चिठ्ठी त्याइले न सांगता लिहून राह्यली. माही शाळा हिंदीतली, थेबी पाचवीवरी. जसं बोलतो तसं लिवतो, समजून घेजो.

राकेश काहून गेला थे तुले त्याइनं सांगतलं नसन. कोन्या तोंडानं सांगतील? तुही पहिली चिठ्ठी आली ना, दुसऱ्या दिवशी मले म्हने, पोराची थाली, गिलास, बालटी येगळी कर. म्या म्हनलं, काहून जी? तुमीच तं म्हनत होते का थालीनं होत नाही. तं तुही चिठ्ठी वाचून दाखोली. मंजू सोता लिवते का हा रोज बदलते, आज थालीनं होत नसन तं उद्या होईन, भरवसा ठेवू नका. मंग म्या थालीच्या मांगं नेलपालिसचा लाल टिका लावला. कपडे येगळे वाळू घातले. मले काय समजते? ह्या मानसानं जिंदगीभर सायन्स शिकोलं अन् तू त्याच्याऊनबी मोठी शिकली. तुमी दोघं एकच बोलता तं म्या कोनाले इचारू?

पोरगा त्याच थालीत जेवे, सोता धुवे, सोता येगळी उपडी ठेवे. मंग एक दिवस त्यानं पानी मांगतलं. म्या त्याच्या गिलासात वरून वतलं. हात उच्चा करून, गिलासाले लोटा लागू नाही असं. मले ध्यानबी नोहतं का म्या काय करून राह्यली. त्यानं माह्याकडे पाह्यलं अन् म्हने, "माय, आजीले पाटलाच्या विहिरीवर असंच वरून वतत होते ना? पन थे परके होते." अन् पानी तसंच ठेवून उठून गेला.

आता हे म्हनतात नाजूक मन हाय. नाजूक! सोता थे रोज रातच्याले त्याच्या खोलीत जाऊन बसतात, अन् सकाळी पुन्हा तसेच ताठ.

तीन हप्ते होत आले, गोळी नाही. पोरगा मरून जाईन, मंजू. मले एका शब्दात लिहून धाड. थालीनं होते का नाही? बंदरायची गोष्ट नको सांगू.

तुही मोठी आई


हैदराबाद,
२० मार्च

मोठी आई,

नाही. थाळीनं नाही, ग्लासानं नाही, बादलीनं नाही, एका दोरीवरच्या कपड्यानं नाही. आज नाही आणि उद्याही नाही.

सोबतचं पत्र मोठ्या बाबांना दे. तू वाचलंस तरी चालेल.

मंजू


हैदराबाद,
२० मार्च

मोठे बाबा,

'आदरणीय' लिहायला आज हात धजत नाही.

विषाणू बदलतो म्हणजे काय बदलतो? कवच बदलतो, हत्यार बदलतो, औषधाला चुकवायला शिकतो. रक्तात राहणारा विषाणू उठून थाळीवर चालू लागत नाही. सुमारे शंभर वर्षं तो माणसात आहे, त्याच्या किती प्रती झाल्या याला गणती नाही, आणि एकाच ताटात जेवल्यानं तो कोणाला लागलेला नाही. हे तुम्हाला माहीत होतं. 'एड्स भांड्यांमुळे पसरतो' असं लिहिणाऱ्या पोरांना तुम्ही शून्य दिलंत. ते पेपर मला दाखवून हसला होतात. तहसीलदार झाली ती कदाचित हीच पोरं असतील.

मग माझ्या पत्रातली एक ओळ उचललीत आणि पुढची सोडून दिलीत. पुढच्या ओळीत गोळी होती. ती तुम्हाला नको होती, तुम्हाला भीतीला लावायला एक प्रमाणपत्र हवं होतं. घाबरलात तर घाबरलात, माणूस घाबरतो. पण घाबरलो म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून त्याला शिस्त म्हणालात, आणि हात वापरलेत मोठ्या आईचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. विहारात उभं राहून तासभर पहारेकऱ्याची गोष्ट सांगितलीत, ज्याला समोरचा खरा शत्रू ओळखता येत नाही. प्रेमलालला ती कळली नाही म्हणून तुच्छता दाखवलीत. कळली तर तुम्हालाही नव्हती.

आजीला ज्यांनी वरून पाणी वाढलं, त्यांच्याकडे निदान प्राणिशास्त्राची पदवी नव्हती.

माझं सांगायचं तर मी 'शिस्त लावलीत हे चांगलं केलंत' असं लिहिलं. शिस्त म्हणजे काय हे विचारलंसुद्धा नाही. मला माझ्या लेखाची पडली होती, आणि तुमच्यापुढे अक्कल पाजळायची हौस होती. त्या हौसेपायी ती ओळ तशी झोकात लिहिली. त्याची लाज मला वाटते आहे, माझी मी बघेन. तुम्ही तुमची बघा.

आता करायचं ते असं. बसमध्ये बसा, धक्के खा, खैरलांजीला जा. डबा सोबत न्या. गोळी लगेच सुरू झाली पाहिजे आणि डॉक्टरला मध्ये पडलेला खंड खरा खरा सांगितला पाहिजे. इतक्या आठवड्यांत विषाणू किती शिकला हे इथे बसून मला सांगता येत नाही, आणि या विचारानं मला झोप लागत नाही. तिथे भाषण करू नका. त्याच्या थाळीत जेवा. जेवल्याशिवाय मला पत्र लिहू नका.

मंजुषा


बालाघाट,
१२ जुलै

मंजू,

जय भीम. तुझी तीन पत्रं माझ्या नावानं आली, मी उत्तर दिलं नाही. रागात होतो. अजूनही आहे, पण काल रिपोर्ट आला म्हणून लिहायला बसलो. माझं मराठी बाबांसारखं नाही. चुका काढायच्या तर तुझ्या तू काढ, इकडे पाठवू नको.

बाबा खैरलांजीला आले होते. मार्चच्या शेवटी, बाजाराच्या दिवशी, भर दुपारी. दुकानापुढे सात-आठ शेतकरी आपापल्या मोटारी घेऊन बसले होते, एकदोघं ओळखीचे, बाकी बाजारातली येणारीजाणारी माणसं. मी आणि गजेंद्र आत एका थाळीत जेवत होतो, भात आणि वांग्याची भाजी. आम्ही रोज तसंच जेवतो, दुसरी थाळी धुवायचा कंटाळा.

बाबांना ऐकू येत नाही हे तुला माहीत आहे. त्यांना वाटतं आपण हळू बोलतो. दारात उभे राहून ते म्हणाले, "राकेश! तुले एचआयव्ही आहे मनून म्या तुही थाली येगळी केलती! थालीनं होत नाही! मले मालूम होतं! चुकलं माह्यं!"

बस स्टँडपर्यंत ऐकू गेलं असेल. मी हातानं खूण केली, चूप, चूप. त्यांना वाटलं मी माफ करत नाही, म्हणून त्यांनी तेच आणखी मोठ्यानं सांगितलं. मग आत येऊन एका जळलेल्या मोटारीवर बसले आणि आमच्या थाळीतला भात खायला लागले. मान खाली घालून नुसतं खाणं, डोळ्यांतलं पाणी भाजीत. सगळे बघत होते. शेवटी गजेंद्र म्हणाला, "काकाजी, थोडं मलेबी ठेवा ना."

एक जण आपली मोटर उचलून घेऊन गेला. म्हणाला, मंग पाहू. दोघं-तिघं हळूच मागे सरकले. एक म्हातारा तेवढा जागेवरून हलला नाही, त्यानं विचारलं, "अरे पन माही मोटर आज होईन का नाही? धान वाळून राह्यलं."

तर तुम्ही दोघा विद्वानांनी मिळून माझं काय केलं ते बघ. तुझ्या पहिल्या पत्रानं मी घरात परका झालो, शेवटच्या पत्रानं भर बाजारात उघडा पडलो. मला विचारून कोणी काही केलं नाही. मला हे कसं झालं हेसुद्धा कोणी विचारलं नाही. बाबांनी ठरवून टाकलं, तूही टाकलं असशील. आता विचारलं तरी सांगणार नाही. आणि गोळ्यांचं म्हणशील तर घर सोडेपर्यंत माझी एकही चुकली नव्हती. गोळी सोडली ती बेफिकिरीनं नाही. ज्या घरात माय मला वरून पाणी वाढते तिथे जगून काय करायचं, असं वाटलं म्हणून सोडली. हे तुला माहीत असलं पाहिजे, म्हणून लिहितो.

त्या दिवशी गोळी घेतली. बाबांच्या हातून नाही, डबा गजेंद्रनं दिला. लपवायला काही उरलंच नाही तेव्हा गोंदियाची पायपीट कशाला, म्हणून नाव बालाघाटला करून घेतलं. आता आमच्याच वॉर्डाच्या रांगेत उभा राहतो. पहिल्या दिवशी प्रेमलाल दिसला, याच गोळ्यांच्या खिडकीच्या रांगेत. दोघांनी एकमेकांना पाहिलं, मग त्यानं सरकून मला जागा दिली. बाबांना हे सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाही. डॉक्टरबाईंनी मला खूप झापलं, तपासण्या लावल्या. कालच्या रिपोर्टमध्ये विषाणू सापडण्याइतकाही उरलेला नाही. गोळी अजून काम करते. तुझ्या भाषेत म्हणायचं तर तो काही शिकला नाही.

जयंतीच्या आधी घरी आलो, मायसाठी. ती पाणी हातात देते आणि मी पिईपर्यंत तिथेच उभी राहते. मला त्याचाही त्रास होतो, पण तिला काही म्हणवत नाही.

आणि बाबा आता रोज माझ्याच थाळीत जेवतात. स्वतःची थाळी घेतच नाहीत. मी जेवायला बसलो की येऊन बसतात, मटण असलं की मऊ तुकडे आधी उचलतात, वर मला सांगतात की भात जास्त खाऊ नये. त्यांना वाटतं एवढ्यानं फिटलं. फिटलं नाही, मंजू. फिटणारही नाही. पण थाळी मी ओढून घेत नाही.

राकेश